ली जोंग-वूक : औषध पोहोचवणाऱ्या हातांचा प्रश्न

७ एप्रिल २००६ रोजी, जागतिक आरोग्य दिनी, झांबियाची राजधानी लुसाका येथे जागतिक आरोग्य संघटनेचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध झाला. असे अहवाल दरवर्षी निघतात आणि बहुतेक वेळा मंत्रालयांच्या कपाटांत जाऊन विसावतात. त्या वर्षीचा विषय मात्र वेगळा होता. अहवालाच्या केंद्रस्थानी कोणताही रोग नव्हता. होता तो रोग्याच्या खाटेशेजारी उभा राहणारा माणूस. जगाला सुमारे ४३ लाख डॉक्टर, परिचारिका, सुईणी आणि इतर आरोग्य कर्मचारी कमी पडत आहेत, ५७ देशांत ही टंचाई गंभीर आहे आणि त्यांपैकी ३६ देश सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहेत, असा हिशेब त्यात मांडला होता. जगातील एकूण रोगभाराचा २४ टक्के वाटा ज्या आफ्रिकेच्या वाट्याला आला होता, तिच्याकडे जगातील केवळ ३ टक्के आरोग्य कर्मचारी होते.

या अहवालामागे उभे असलेले महासंचालक डॉ. ली जोंग-वूक सहा आठवड्यांनी, २२ मे २००६ रोजी, जिनिव्हात मरण पावले. त्यांचे वय ६१ होते. त्यांच्या नावाशी जोडली गेलेली सर्वात मोठी मोहीम, गरीब देशांतील ३० लाख एचआयव्हीबाधितांना २००५ अखेरपर्यंत औषधोपचार मिळवून देण्याची, ठरलेल्या मुदतीत पुरी झाली नव्हती. हातून निसटलेल्या त्या उद्दिष्टाकडून लुसाकाच्या अहवालापर्यंतचा प्रवास समजून घेतल्याखेरीज ली यांचे मोठेपण कळत नाही.

युद्धाच्या सावलीतले बालपण

ली यांचा जन्म १२ एप्रिल १९४५ रोजी सोल येथे झाला. कोरिया तेव्हा जपानच्या अमलाखाली होता. पुढे चारच महिन्यांत जपानने शरणागती पत्करली आणि देश मोकळा झाला. परंतु त्याचे दोन तुकडेही झाले. १९५० मध्ये युद्ध पेटले, तेव्हा ली पाच वर्षांचे होते. सरकारी नोकरीत असलेल्या वडिलांची आणि कुटुंबाची ताटातूट झाली. ऐन कडाक्याच्या हिवाळ्यात आई मुलांना घेऊन दक्षिणेकडील दाएगू शहराच्या दिशेने पायी निघाली आणि अनेक आठवड्यांच्या चालीनंतर कुटुंब पुन्हा एकत्र आले. ज्या देशाची गणना आज श्रीमंत राष्ट्रांत होते, तो त्या काळी परदेशी मदतीवर तगून राहिलेला, उद्ध्वस्त देश होता. गरीब देशाच्या रुग्णालयात काय नसते, हे ली यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

वैद्यकशास्त्राकडे ते थेट वळले नाहीत. आधी अभियांत्रिकीचे शिक्षण, मग सक्तीची लष्करी सेवा आणि त्यानंतर सोल राष्ट्रीय विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय असा त्यांचा मार्ग होता. १९७६ मध्ये पदवी हाती आली तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. विद्यार्थिदशेतच सोलजवळच्या सेंट लाझारस या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत ते स्वयंसेवक म्हणून जात असत. तेथेच त्यांची भेट रेइको काबुराकी या जपानी तरुणीशी झाली. त्याही कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी कोरियात आल्या होत्या. जपानी राजवटीच्या कटू आठवणी ताज्या असलेल्या त्या काळात कोरियन तरुणाने जपानी मुलीशी विवाह करणे ही साधी गोष्ट नव्हती. १९७६ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले.

सोलमध्ये स्थिर व्यवसाय करण्याचा मार्ग खुला असतानाही ली हवाईला गेले. तेथील विद्यापीठातून १९८१ मध्ये त्यांनी सार्वजनिक आरोग्य व साथरोगशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेतली. त्यानंतर पॅसिफिक महासागरातील अमेरिकन सामोआ या बेटावरच्या रुग्णालयात त्यांनी नोकरी धरली. १९८३ मध्ये कुष्ठरोगाचे सल्लागार म्हणून ते जागतिक आरोग्य संघटनेत दाखल झाले. त्यांचे पहिले ठाणे होते फिजी.

तीन रोग, एक धडा

ली यांनी संघटनेत तेवीस वर्षे काढली. त्यातली पहिली वीस वर्षे तीन कामांत गेली : कुष्ठरोग, लसीकरण आणि क्षयरोग. वरवर पाहता ही निरनिराळी खाती. पण तिन्हींनी त्यांना एकच धडा दिला.

१९८१ मध्ये संघटनेने कुष्ठरोगासाठी बहुविध औषधोपचाराची शिफारस केली होती. औषध गुणकारी होते. परंतु ते बेटाबेटांवर विखुरलेल्या वस्त्यांपर्यंत नेणारा, रोग्याने मध्येच गोळ्या सोडल्या तर त्याच्या दारी जाणारा माणूस असेल तरच त्याचा उपयोग होता. १९८६ पासून मनिला येथील प्रादेशिक कार्यालयात आणि पुढे पोलिओ निर्मूलनाच्या कामात ली यांना हाच अनुभव आला. पश्चिम पॅसिफिक विभागात १९९० च्या सुमारास वर्षाला जवळपास सहा हजार पोलिओ रुग्णांची नोंद होत असे. चार वर्षांत हा आकडा सातशेच्या आसपास आला आणि २००० मध्ये तो संपूर्ण विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. लस जुनीच होती. नवे होते ते ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी लस घेऊन उभे राहणारे कार्यकर्ते आणि त्यांच्यामागची काटेकोर मोजदाद.

१९९४ मध्ये ली जिनिव्हाच्या मुख्यालयात आले आणि संघटनेच्या लसीकरण कार्यक्रमाचे प्रमुख झाले. २००० पासून त्यांनी क्षयरोगविरोधी मोहिमेची धुरा सांभाळली. क्षयाच्या उपचारात रुग्णाने गोळी आपल्या डोळ्यांदेखत घेतली की नाही, हे आरोग्य कर्मचारी पाहतो. भारतात ही पद्धत डॉट्स या नावाने परिचित झाली. ली यांच्या कार्यकाळात, २००१ मध्ये, गरीब देशांना क्षयाची दर्जेदार औषधे स्वस्तात मिळावीत म्हणून एक जागतिक औषध पुरवठा यंत्रणा उभी राहिली. औषधांची एकत्रित खरेदी केली की किंमत पडते, हे या यंत्रणेने दाखवून दिले.

जानेवारी २००३ मध्ये संघटनेच्या कार्यकारी मंडळाने नव्या महासंचालकांची निवड केली. नॉर्वेच्या माजी पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड पायउतार होणार होत्या. रिंगणात मोझांबिकचे तत्कालीन पंतप्रधान पास्कोआल मोकुम्बी, मेक्सिकोचे आरोग्यमंत्री हुलियो फ्रेंक आणि संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाचे प्रमुख पीटर पिऑट अशी वजनदार नावे होती. त्या मानाने ली हे संघटनेतले एक अधिकारी. मतदानाच्या अनेक फेऱ्या झाल्या आणि अखेरच्या फेरीत ली यांनी पिऑट यांच्यावर १७ विरुद्ध १५ अशी मात केली. संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या संस्थेचे प्रमुखपद मिळवणारे ते पहिले दक्षिण कोरियन ठरले. २१ जुलै २००३ रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली.

तीस लाखांचे आव्हान

एचआयव्हीवर संयुक्त औषधोपचार १९९६ पासून उपलब्ध होता. श्रीमंत देशांत त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले होते. गरीब देशांत मात्र रुग्ण मरतच होते. एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना २००० च्या सुमारास दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येई. येथे मुंबईचा संबंध येतो. २००१ च्या प्रारंभी मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा हा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला आणि जगभरातील किमतींना उतार लागला. तीन औषधे एकाच गोळीत, दिवसातून दोनदा, अशी सोय भारतीय कंपन्यांनी केली. २००३ च्या अखेरीस वाटाघाटींतून ही किंमत काही देशांसाठी १४० डॉलरपर्यंत खाली आली होती.

तरीही २००३ मध्ये चित्र विदारक होते. विकसनशील देशांत तातडीने उपचारांची गरज असलेले सुमारे ६० लाख लोक होते; उपचार मिळत होते सुमारे चार लाखांना. आफ्रिकेत तर गरजूंपैकी जेमतेम दोन टक्क्यांना. आफ्रिकेतील रुग्णांना वेळेवर गोळ्या घेणे जमणार नाही, तेथे प्रयोगशाळा नाहीत, डॉक्टर नाहीत, म्हणून आधी प्रतिबंधावरच भर द्यावा, असा युक्तिवाद अनेक तज्ज्ञ आणि देणगीदार देश करीत होते.

पदभार स्वीकारून दोन महिने होतात न होतात तोच, २२ सप्टेंबर २००३ रोजी, ली यांनी उपचारांचा हा अभाव ही जागतिक आरोग्य आणीबाणी असल्याचे जाहीर केले. १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, मोहिमेचा आराखडा आला : २००५ अखेर ३० लाख लोकांना उपचार. इंग्रजीतील आकड्यांवरून या मोहिमेला थ्री बाय फाइव्ह असे सुटसुटीत नाव पडले. त्याच सुमारास संघटनेने भारतीय कंपन्यांच्या एकत्रित गोळ्यांना आपल्या दर्जामान्य यादीत स्थान दिले. पेटंटधारक कंपन्यांच्या दृष्टीने हा अप्रिय निर्णय होता. आरोग्य मंत्रालयांना मात्र त्यामुळे निर्धास्तपणे खरेदी करता येऊ लागली.

भारतातही हालचाल झाली. १ एप्रिल २००४ पासून केंद्र सरकारने निवडक सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू केली. त्या पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. ज्या शहरातल्या कारखान्यांची औषधे आफ्रिकेत जात होती, त्या शहरातल्या गरीब रुग्णालाही ती आता सरकारी दवाखान्यात मिळू लागली.

डॉक्टर नसलेल्या देशात उपचार

औषधाची किंमत उतरली, देणगीदारांचा पैसा येऊ लागला आणि मग खरी अडचण उघडी पडली. एचआयव्हीचा उपचार एकदा सुरू झाला की जन्मभर चालतो. कुणाला औषध सुरू करायचे ते ठरवणे, दुष्परिणामांवर लक्ष ठेवणे, दरमहा गोळ्या देणे, न आलेल्याचा शोध घेणे, कुटुंबाला समजावणे ही कामे न संपणारी असतात. श्रीमंत देशांत ती तज्ज्ञ डॉक्टर करीत. मलावीसारख्या देशात काय करायचे?

सुमारे सव्वा कोटी वस्तीच्या या देशात २००४ मध्ये तीनशेही डॉक्टर नव्हते. एक लाख लोकांमागे दोन, असे हे प्रमाण पडत होते. प्रौढ लोकसंख्येत दर सात-आठ जणांमागे एकाला एचआयव्हीची लागण झाली होती. परिचारिका चांगल्या पगारासाठी ब्रिटनला जात होत्या. ज्या मागे राहिल्या, त्यांपैकी अनेकजणी स्वतःच एड्सला बळी पडत होत्या. वॉर्डात रुग्ण वाढत होते आणि त्यांना पाहणारे घटत होते.

संघटनेने उपचाराचीच मांडणी बदलून या अडचणीतून वाट काढण्याचा प्रयत्न केला. २००३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत औषधांचे अनेक पर्याय बाजूला सारून मोजक्या ठरावीक संयोगांची शिफारस करण्यात आली. महागडी रक्तचाचणी उपलब्ध नसेल, तर रुग्णाच्या लक्षणांवरून उपचार सुरू करावेत, अशी मुभा देण्यात आली. परिचारिका आणि डॉक्टरची पदवी नसलेले क्लिनिकल ऑफिसर यांना थोड्या अवधीत शिकवता येईल, असे प्रशिक्षण साहित्य तयार झाले. युगांडात तर एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींनाच प्रशिक्षक म्हणून उभे करण्यात आले. परिचारिकांपुढे रुग्णाची भूमिका करून ते आपल्या अनुभवातून त्यांना शिकवू लागले. ज्याला समाजाने दूर लोटले होते, तोच वर्गात शिक्षक होऊन बसला.

मलावीने २००४ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत उपचारांचा विस्तार केला. साऱ्या देशात एकच पहिल्या पायरीचा औषधसंच, एकाच नमुन्याची नोंदवही, आणि उपचार देण्याचा अधिकार क्लिनिकल ऑफिसर व पुढे परिचारिकांनाही, अशी ही साधी पद्धत होती. त्याच वर्षी या देशाने एक धाडसी पाऊल उचलले. ब्रिटिश सरकार आणि एड्स, क्षय व मलेरियाविरोधी ग्लोबल फंड यांच्या मदतीने अकरा संवर्गांतील आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारात ५२ टक्क्यांची भर घालण्याचा आणि प्रशिक्षणाच्या जागा वाढवण्याचा सहा वर्षांचा कार्यक्रम सुरू झाला. देणगीदार सहसा इमारती आणि गाड्या देतात. पगार देत नाहीत. हा संकेत येथे मोडला गेला. २००४ मध्ये या अकरा संवर्गांत ५,४५३ कर्मचारी होते. २००९ पर्यंत ही संख्या ८,३६९ झाली. एड्ससाठी आलेल्या पैशाने प्रसूतिगृहात परिचारिका उभी राहिली, असा हा व्यवहार होता.

सगळीकडे मात्र असे घडले नाही. केनियासारख्या देशात उलटाच पेच होता. प्रशिक्षित परिचारिका बेकार होत्या आणि दवाखान्यांतली पदे रिकामी होती. कारण सरकारी पगारखर्चावर मर्यादा होती. काही ठिकाणी एड्सचे प्रकल्प जास्त पगार देऊन सरकारी दवाखान्यांतलेच कर्मचारी ओढून घेत. त्यामुळे एका खोलीत उपचार मिळत आणि शेजारच्या खोलीत लसीकरण थंडावे. केवळ एका रोगासाठी पैसा ओतण्यातला हा धोका टीकाकारांनी वेळोवेळी दाखवून दिला आणि ती टीका निराधार नव्हती.

अपयशाचा हिशेब

२००५ संपले. उपचार घेणाऱ्यांची संख्या १३ लाखांवर पोहोचली होती. तीस लाखांच्या निम्म्याहूनही कमी. मोहिमेच्या प्रमुखांनी त्याआधीच जाहीर दिलगिरी व्यक्त केली होती. लक्ष्य आधी घोषित केले आणि ते कसे गाठायचे याचा विचार नंतर केला, देशांना पुरेसे विश्वासात घेतले नाही, पैसा जमण्याआधी आशा दाखवली, असे आक्षेप घेण्यात आले. संघटनेकडे स्वतःचा औषधांचा साठा नव्हता की निधी नव्हता. लक्ष्य ठरवायचे जिनिव्हाने आणि गाठायचे लिलाँग्वे किंवा लुसाकातल्या परिचारिकेने, अशी ही रचना होती.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दोन वर्षांत उपचारांची व्याप्ती तिपटीहून अधिक वाढली. आफ्रिकेत एक लाखांवरून आठ लाखांवर मजल गेली. उपचारांच्या या विस्तारामुळे एकट्या २००५ मध्ये अडीच ते साडेतीन लाख अकाली मृत्यू टळल्याचा संघटनेचा अंदाज होता. अठरा देशांनी आपल्या गरजू रुग्णांपैकी निम्म्यांपर्यंत उपचार नेले. तीस लाखांचा टप्पा दोन वर्षे उशिरा, २००७ अखेर, गाठला गेला. गरीब देशांत हा उपचार शक्य नाही, हे म्हणणे त्यानंतर कुणी गंभीरपणे मांडले नाही.

ली स्वतः फारसे वक्ते नव्हते. पदाचा बडेजाव त्यांना मानवत नसे. महासंचालकांच्या दिमतीला ते लहानशी हायब्रिड मोटार वापरीत. पत्नी रेइको या काळात जिनिव्हातील मेजवान्यांपासून दूर, पेरूची राजधानी लिमाच्या उत्तरेकडील गरीब वस्तीत क्षयरोगग्रस्त कुटुंबांतल्या स्त्रियांना विणकाम शिकवून रोजगार मिळवून देत होत्या. सार्सच्या साथीने दिलेल्या धक्क्यानंतर ली यांनी मुख्यालयात साथरोगांवर चोवीस तास नजर ठेवणारा नियंत्रण कक्ष उभारला. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तो उपयोगी पडला. २००५ मध्ये साथींची माहिती देण्याबाबतचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम नव्याने संमत झाले, तेही त्यांच्याच कारकीर्दीत.

एप्रिल २००५ मध्ये जागतिक आरोग्य दिनाचा मुख्य कार्यक्रम नवी दिल्लीत झाला. विषय होता माता आणि बालकांचे आरोग्य. त्यानंतर पाचच दिवसांनी भारत सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा प्रारंभ केला आणि गावोगावी आशा कार्यकर्ती नेमण्याचे धोरण आले. या दोन घटनांत कार्यकारणभाव शोधण्याचे कारण नाही. डॉक्टर पोहोचत नाही तेथे आरोग्यसेवा कुणाच्या हातून पोहोचवायची, या एकाच प्रश्नाशी जग आणि भारत त्या काळी झुंजत होते, इतके मात्र त्यातून दिसते.

लुसाकाचा अहवाल या साऱ्या अनुभवाचे सार होता. प्रत्येक हजार लोकांमागे डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी मिळून किमान २.२८ कर्मचारी नसतील, तर प्रसूती आणि लसीकरणासारख्या मूलभूत सेवाही धड चालत नाहीत, असा मापदंड त्याने दिला. प्रशिक्षण, पगार, कामाची सुरक्षितता आणि स्थलांतर हे प्रश्न प्रशासकीय तपशील म्हणून सोडून न देता त्याने ते आरोग्य धोरणाच्या मध्यभागी आणले. औषधाची किंमत वाटाघाटीने महिन्यांत उतरवता येते; परिचारिका घडवायला वर्षे लागतात आणि तिला टिकवायला त्याहून अधिक. तीस लाखांचे लक्ष्य का हुकले, याचे उत्तर बऱ्याच अंशी या अहवालात होते.

शेवटचे अधिवेशन

२० मे २००६ रोजी, शनिवारी, ली अचानक कोसळले. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. जिनिव्हातील रुग्णालयात तातडीने शस्त्रक्रिया करण्यात आली, पण उपयोग झाला नाही. सोमवारी सकाळी, संघटनेचे वार्षिक अधिवेशन सुरू व्हायच्या दिवशीच, त्यांचे निधन झाले. साऱ्या जगाचे आरोग्यमंत्री सभागृहात जमले होते, त्यांना पहिली बातमी मिळाली ती हीच. तीनच दिवसांनी, २५ मे रोजी, आरोग्य मनुष्यबळाच्या प्रश्नावर काम करणारी जागतिक आघाडी ठरल्याप्रमाणे स्थापन झाली. त्याच अधिवेशनात कर्मचारी प्रशिक्षण वेगाने वाढवण्याचा ठराव मंजूर झाला. दक्षिण कोरियाने आपल्या या पुत्राला देजॉन येथील राष्ट्रीय स्मशानभूमीत विसावा दिला.

त्यांच्या मागे काम पुढे सरकत राहिले. जानेवारी २००८ मध्ये आदिस अबाबा येथे संघटनेने डॉक्टरांची काही कामे प्रशिक्षित परिचारिकांकडे आणि परिचारिकांची काही कामे गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडे सोपवण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासात परिचारिकांच्या देखरेखीखालील एचआयव्ही रुग्णांची स्थिती डॉक्टरांच्या रुग्णांपेक्षा वाईट नसल्याचे आढळले. त्याच वर्षी श्रीमंत देशांनी गरीब देशांतून आरोग्य कर्मचारी कसे भरती करावेत, याची आचारसंहिता संमत झाली. ती ऐच्छिक असल्याने स्थलांतर काही थांबले नाही.

२०२४ च्या अखेरीस जगात तीन कोटींहून अधिक लोक एचआयव्हीचे औषध घेत होते. ज्या काळी तीस लाख ही संख्या अवाजवी वाटत होती, त्या काळानंतर हे दहापटीने अधिक झाले. कर्मचाऱ्यांची तूट मात्र भरून निघालेली नाही. २०३० मध्येही जगाला १ कोटीच्या आसपास आरोग्य कर्मचारी कमी पडतील, असा संघटनेचा अंदाज आहे. २०२५ च्या प्रारंभी अमेरिकेने परदेशी मदत अचानक रोखली, तेव्हा आफ्रिकेतील अनेक देशांत त्या पैशावर पगार घेणारे समुपदेशक, परिचारिका आणि गावपातळीवरील कार्यकर्ते पहिल्या काही आठवड्यांतच कामावरून दूर झाले. काही ठिकाणी गोळ्या गोदामात होत्या. त्या देणारा माणूस नव्हता.

लुसाकाच्या अहवालाने वीस वर्षांपूर्वी बोट ठेवले होते ते याच ठिकाणी. एका तरुण डॉक्टरने सोलजवळच्या कुष्ठवसाहतीत स्वतःच्या हाताने जखमा धुतल्या आणि औषधाला हाताची गरज असते, हे तो आयुष्यभर विसरला नाही. मोठ्या पदावर पोहोचल्यावर त्याने जगापुढे एक अवघड आकडा ठेवला. तो आकडा वेळेत गाठता आला नाही, तेव्हा का आला नाही, हेही संघटनेने त्याच्याच कारकीर्दीत जगापुढे मांडले. सार्वजनिक जीवनात उद्दिष्टे जाहीर करणारे पुष्कळ असतात. हुकलेल्या उद्दिष्टातून पुढच्या कामाची दिशा काढून देणारे थोडे. ली जोंग-वूक त्या थोड्यांपैकी एक होते.